पाण्याची बाटली आणि गाळातले किडे

(संघटनेच्या तरुणांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना सुटलेल्या दोन-तीन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



आज सकाळी दावे, नकाशे आणि जीपीएस यांवर बोलणं झालं. आता आम्हाला किड्यांवर बोलायला सांगितलंय. मागच्या रांगेत हसू आलं ते आम्ही बघितलं. हसा. पण जमिनीच्या लढाईत नाला येतो की नाही ते शेवटी सांगा.

मागच्या पावसाळ्यानंतर आपल्या नाल्यातले झिंगे मेले. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. सकाळी बाया पाण्याला गेल्या तर काठाला पांढरे पडलेले झिंगे, दोन-चार खेकडे उताणे. मोठे मासे फारसे मेले नाहीत. आपण तक्रार केली. तालुक्याच्या एका कचेरीतून माणूस आला, पण एकोणीस दिवसांनी. तोपर्यंत दोनदा पाऊस पडून नाला धुऊन निघाला होता. त्याने प्लास्टिकच्या बाटलीत पाणी भरलं, सही घेतली, गेला. महिन्याने कागद आला. दोष आढळला नाही.

तो कागद आम्ही तीन-चार जणांनी नीट वाचला. त्यात क्षार होते, नायट्रेट होतं, जंतू होते, गढूळपणा होता. कीटकनाशकाचा रकानाच नव्हता. म्हणजे जे शोधलंच नाही ते सापडलं नाही. याला खोटा कागद म्हणता येत नाही, आणि हाच त्याचा त्रास आहे. पुढच्या वेळी आपण तोंडी सांगू लागलो की साहेब तो कागद पुढे करणार.

म्हणून आपण काय धरून बोलायचं, याचा विचार करायला लागलो.

वाहतं पाणी म्हणजे आजची गोष्ट. सकाळी पंप धुतला, दुपारपर्यंत ते पाणी गोमाईकडे गेलं, तिथून तापीत. संध्याकाळी बाटली भरली तर बाटलीत काही नाही. पण सगळं औषध पाण्याबरोबर जात नाही. आपल्या भागात कापसावर, मिरचीवर, पपईवर जे मारतात त्यात सायपरमेथ्रिनसारखी औषधं असतात. ती पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत. ती मातीच्या बारीक कणाला चिकटतात, कुजलेल्या पानाला चिकटतात. पावसाने शेताची माती वाहून आली की तिच्या अंगावर बसून औषध नाल्यात येतं आणि पाणी जिथे मंद होतं तिथे गाळात बसतं. वर पाणी नितळ, खाली गाळात विष. तिथे ते आठवडे, कधी महिनेही टिकतं. क्लोरपायरीफॉसही गाळ धरतं. एंडोसल्फानही धरायचं. २०११ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने त्यावर बंदी घातली, पण घरात उरलेला डबा बंदीच्या बातमीने रिकामा होत नाही. आणि डीडीटी तर वर्षानुवर्षं राहतं. शेतीत ते १९८९ पासून बंद आहे, पण मलेरियासाठी फवारायला सरकारने ते चालूच ठेवलं, घराच्या कुडावर त्याचे पांढरे डाग म्हाताऱ्यांनी बघितलेत.

सगळीच औषधं अशी नाहीत हेही लक्षात ठेवा. मोनोक्रोटोफॉस पाण्यात सहज विरघळतं, गाळात थांबत नाही, निघून जातं. पण जाता जाता ज्याला मारायचं त्याला मारून जातं. विष गेलं तरी मेलेल्याची जागा काही दिवस रिकामी राहते. ही रिकामी जागा वाचायला शिकायचं आहे.

आता त्या जागेत कोण राहतं ते बघू. नाल्यातला दगड उचलून उलटा केला की खाली चपटे किडे पळतात. शेपटीला बहुतेक तीन धागे आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना पिसासारखे कल्ले. ही एका माशीची पिल्लं. ती माशी पंख फुटल्यावर एखाद-दोन दिवसच जगते, इंग्रजीत तिला मेफ्लाय म्हणतात. पण पंख फुटायच्या आधी तिचं पिल्लू कित्येक आठवडे, कधी कितीतरी महिने पाण्याखाली काढतं. दुसरी एक अळी वाळूचे कण, काड्या, पानांचे तुकडे स्वतःच्या लाळेच्या धाग्याने चिकटवून नळीसारखं घर करते आणि घर घेऊन फिरते. लहानपणी आपण ती घरं फोडून अळी गळाला लावायचो. तिला कॅडिस म्हणतात. तिसरा चतुर. उडणारा चतुर सगळ्यांना माहीत, पण त्याचं पिल्लू गाळात दबा धरून बसतं, खालचा ओठ हातासारखा बाहेर फेकून शिकार पकडतं, डासांच्या अळ्याही खातं. आणि गाळाच्या आत, अगदी आत, लाल दोऱ्यासारखी अळी. रक्तासारखी लाल, कारण तिच्या अंगात खरंच आपल्या रक्तातल्यासारखा लाल पदार्थ असतो. त्यामुळे हवा कमी असलेल्या घाण गाळातही ती श्वास घेते. तिची माशी डासासारखी दिसते पण चावत नाही. संध्याकाळी दिव्याभोवती थवाच्या थवा येतो तो तिचा. शास्त्राच्या पुस्तकात तिचं नाव कायरोनोमस.

बाटलीतलं पाणी एका क्षणाचं. हे किडे तिथेच जन्मतात, तोच गाळ खातात, त्यातच वाढतात. मासा वाईट पाणी आलं की पळू शकतो. तीन शेपट्यांचा किडा पळून पळून किती पळेल? त्यामुळे तो जिवंत असला तर मागचे काही आठवडे तिथे मोठं विष आलेलं नाही. आणि वर आहे, खाली नाही, असं झालं तर मध्ये काहीतरी घडलंय.

ही आमच्या डोक्यातून निघालेली गोष्ट नाही. जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन या दोघांनी शंभर वर्षांपूर्वी, १९०८-०९ मध्ये, नदीतले जीव बघून घाण किती ते ठरवायची यादी केली. इंग्लंडमध्ये १९८० च्या सुमारास किड्यांच्या कुळांना मार्क द्यायची पद्धत आली. दगडमाशीला दहा, चपट्या मेफ्लायला दहा, लाल अळीला दोन, गांडुळाच्या जातीला एक. जेवढा नाजूक तेवढे मार्क जास्त. सापडलेल्या कुळांचे मार्क मिळवायचे, कुळांच्या संख्येने भागायचे. सातवीचं पोरगं करेल. आणि कचेरीत हसतील त्यांच्यासाठी एक गोष्ट पाठ करून ठेवा: आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेच ही पद्धत भारतातल्या नद्यांसाठी घेतली आहे. पाण्यातले किडे-गोगलगाई बघून ते नदीला अ पासून इ पर्यंत पाच वर्ग देतात, निळ्या रंगापासून लाल रंगापर्यंत. मग तेच आपण केलं तर ते अडाणीपणाचं कसं होतं?

आता जरा अवघड भाग आहे, लक्ष द्या. इथे चूक झाली तर आपलंच तोंड पडेल.

मार्कांची ती पद्धत मुळात गटाराच्या घाणीसाठी केलेली. गटाराचं पाणी, शेण, कारखान्याची मळी आली की पाण्यातली हवा संपते. हवा लागणारे किडे मरतात, हवेविना चालवून घेणारे, म्हणजे लाल अळी, बारीक लाल गांडुळं, वाढतात. भरमसाट वाढतात. पाण्याला वास येतो. फवारणीच्या औषधाचं तसं नाही. ते हवा संपवत नाही, ते किड्याच्या नसांवर जातं, कारण ते बनवलंच आहे किड्याच्या नसांसाठी. त्याला कापसावरचा किडा कोणता आणि नाल्यातला कोणता ते कळत नाही. झिंगा आणि खेकडा हे किड्यांचेच भाऊबंद, त्यांचे पाय तसेच सांध्यांचे, नसा तशाच. म्हणून ते आधी मरतात. गोगलगाय, शिंपला, गांडूळ हे वेगळ्या घरातले, त्यांना सायपरमेथ्रिनसारखं औषध तेवढं लागत नाही.

म्हणजे हिशोब असा: पाण्याला वास नाही, गोगलगाई मजेत, गांडुळं आहेत, पण झिंगे नाहीत, मेफ्लाय नाही, घरवाली अळी नाही, तर संशय औषधाचा. वास येतोय, लाल अळ्यांचा चिखल झालाय, तर संशय घाणीचा. दोन्ही एकत्र असेल तर गोंधळ होणार, तिथे छातीठोकपणे बोलायचं नाही. जर्मनीतच लिस आणि फॉन डेर ओहे या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये खास औषधासाठी एक मापन काढलं. त्याचं नाव स्पिअर. ते किड्यांना विचारतात, तुला विष किती लागतं, तुझी पिढी किती दिवसांनी येते, तू दुसरीकडून परत येऊ शकतोस का, फवारणीच्या दिवसांत तू पाण्यात असतोस का? ज्याला विष लागतं, ज्याची पिढी सावकाश येते आणि ज्याला परत यायला वाट नाही, तो धोक्यातला. नदीत धोक्यातले किती टक्के उरले ते मोजायचं. आपल्याला आकडे करता येणार नाहीत, पण प्रश्न तेच विचारता येतील.

आम्ही काय केलं ते सांगतो. नोव्हेंबरात, नाला बसल्यावर, एकाच दिवशी तीन जागा बघितल्या. पहिली वर, जंगलाच्या कडेला, जिथे आपले दाव्यातले प्लॉट आहेत. दुसरी मोठ्या शेतांच्या मधली, जिथे गाडीवाट नाला ओलांडते आणि पंप धुतात. तिसरी खाली, पाड्याजवळ, बाया झिरा उकरतात तिथे. तिन्ही ठिकाणी गुडघ्याखाली पाणी, खाली गोटे आणि कडेला गाळ असं बघून घेतलं. खडकावरची जागा आणि चिखलातली जागा यांची तुलना करायची नाही, कारण तिथे किडे मुळातच वेगळे. मच्छरदाणीचं कापड दोन काठ्यांना बांधून खालच्या अंगाला धरायचं, वरच्या अंगाला एकाने तीन मिनिटं पायाने गोटे ढवळायचे. कडेचा गाळ वरचा वरचा, दोन बोटं, तेवढाच घ्यायचा, कारण नवं वर असतं. तो चाळणीत हलक्या हाताने धुवायचा. मग पांढऱ्या ताटात पाणी घालून सगळं ओतायचं आणि गप्प बसायचं. दोन मिनिटांनी ताट हलायला लागतं.

वरच्या जागेचं ताट बघून आमच्यातली एक बहीण म्हणाली, हा तर बाजार भरला. चपटे किडे, दोन तऱ्हेच्या घरवाल्या अळ्या, चतुराची पिल्लं, झिंगे, बारका खेकडा, पाणढेकूण, गोगलगाई. प्रकार मोजले तर दहा-बारा भरले. मधल्या जागेत गोगलगाई भरपूर, गांडुळं, थोड्या लाल अळ्या, पाण्यावर पळणारे लांब पायांचे किडे. ते तर पृष्ठभागावर राहतात, उडून कुठूनही येतात, ते धरायचेच नाहीत. झिंगा एकही नाही. तीन शेपट्यांचा एकही नाही. पाण्याला वास नाही. पाड्याजवळ मेफ्लायची एक जात परत दिसली, चपटी नव्हे, माशासारखी पोहणारी, ती जरा चिवट असते आणि लवकर परत येते. झिंगे तिथेही नव्हते.

याचा अर्थ आम्ही एवढाच लावला: मधल्या जागेवर संशय पक्का, औषधाचं नाव माहीत नाही. किडा नाव सांगत नाही. नाव यंत्र सांगतं. त्यासाठी गाळच प्रयोगशाळेला द्यायचा, पाणी नव्हे. तो काचेच्या स्वच्छ बरणीत द्यायचा, कारण ही औषधं प्लास्टिकला चिकटतात, मग बरणीच विष पिते आणि कागद स्वच्छ येतो. बरणीवर जागा, तारीख, वेळ, अंधारात आणि बर्फात ठेवायची, आणि पाच जणांचा पंचनामा.

आणखी एक रस्ता आहे. लाल अळीलाच गाळात ठेवून बघायचं. परदेशात औषध बाजारात आणायच्या आधी कंपन्यांना हे करावं लागतं, त्याची २००४ पासून ठरलेली रीत आहे: गाळ बरणीत, वर पाणी, त्यात नुकत्या जन्मलेल्या अळ्या, आणि अठ्ठावीस दिवस मोजायचं की किती अळ्यांना पंख फुटून त्या बाहेर निघाल्या. शेजारी स्वच्छ गाळाची बरणी. अमेरिकेत कॅलिफोर्नियात शेतीच्या ओढ्यांचा गाळ असाच तपासला, लाल अळी आणि झिंग्याच्या जातीचा एक बारीक जीव घेऊन. २००४ च्या सुमाराला तिथल्या वेस्टन नावाच्या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या साथीदारांनी दाखवलं की कितीतरी ठिकाणचा गाळ या जिवांना मारतो, आणि त्यात सायपरमेथ्रिनच्या भावकीतल्या औषधांचा मोठा हात आहे.  आपल्या एखाद्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारे सर तयार झाले तर इथेही होईल. विचारणं चालू आहे.

काही शंका आल्या, त्या घेतो. एक दादा म्हणाले, किडे मेले तर बरंच झालं की, आपल्याला काय त्याचं. दादा, कॅनडात मिरामिची नावाची नदी आहे. १९५४ मध्ये जंगलाच्या झाडांवरची अळी मारायला विमानातून डीडीटी मारलं. नदीत मासे मेले. पण जे पिल्लू वाचलं त्यालाही खायला तळाला काही उरलं नव्हतं, कारण तळाचे किडेच मेले होते. झिंगे, मुरमाखालचे मासे, खेकडे हे पाड्यातलं कोरड्या दिवसांचं कोरड्यास आहे, डाळ महाग झाल्यावर तर जास्तच. शिवाय चतुराचं पिल्लू मेलं की डासाची अळी मोकळी.

दुसरं, एक मावशी म्हणाल्या, मग झिऱ्याचं पाणी पिऊ नये का? मावशी, वाळूतून झिरपताना गाळाला चिकटणारं औषध बरंचसं मागे राहतं, विरघळणारं राहत नाही. किड्यांवरून पिण्याचं पाणी चांगलं की वाईट हे ठरत नाही, ते वेगळं तपासावं लागेल. पण फवारणीच्या दिवसांत, भाद्रपद-अश्विनात, गाडीवाटेच्या खालच्या झिऱ्याचं पाणी पोरांना देऊ नका. पाड्याच्या वरच्या बाजूला दुसरा झिरा करा. तेवढी चाल पडेल, माहीत आहे.

तिसरी शंका कोणी बोललं नाही पण सगळ्यांच्या मनात आहे. पंप धुतो कोण? आपलाच माणूस. सालदार आपला, रोजंदारीवाला आपला. शेतात साबण नाही, पाण्याची टाकी नाही, उन्हात पाठीवर पंप घेऊन दिवस काढला की तो सरळ नाल्यात उतरणार, अंग धुणार, पंप धुणार. उद्या आपण तक्रार केली तर मालक काय म्हणेल? तुझ्याच माणसाने केलं. आणि पोलीस त्याचंच नाव लिहून घेतील. म्हणून आमचं स्पष्ट म्हणणं आहे: आपल्या कुठल्याही कागदावर धुणाऱ्याचं नाव येता कामा नये. १९७४ च्या पाणी कायद्यात कलम २४ आहे, त्यात जाणूनबुजून ओढ्यात विष सोडणारा जसा आला तसा सोडू देणाराही आला. कीटकनाशकांच्या १९७१ च्या नियमांत रिकामे डबे, उरलेलं औषध आणि धुण्याचं पाणी यांची विल्हेवाट पाणी दूषित होणार नाही अशी लावायची असं लिहिलंय. आपली मागणी मालकाकडे: शेतावर धुण्यासाठी नाल्यापासून लांब खड्डा, टाकीभर पाणी, साबण, हातमोजे. ही मजुरीची मागणी आहे. पुढच्या हंगामाच्या मजुरीच्या बोलणीत ती घालायची, वेगळी नाही मांडायची.

आणि आता कडू बोलतो. आपली काही पोरं डोहात औषध ओतून मासे धरतात. एका झाकणात घमेलं भरतं, सोपं वाटतं. पूर्वी झाडपाल्याने मासे झिंगवायचे, त्याला पाळी होती, डोह ठरलेला असायचा, चार दिवसांत पाणी जागेवर यायचं. या औषधाने डोहाच्या खालचं सगळं साफ होतं आणि तेच मासे घरी शिजतात. शिवाय मोठ्या शेतवाल्याला आयतं बोट दाखवायला मिळतं. गावसभेत यावर ठराव घ्यायचा आहे. दंड किती ते म्हातारी माणसं ठरवतील. आपल्या प्लॉटांवरही आता कापूस आलाय, पंप आलाय. वरच्या नाल्याचं ताट आज भरलेलं आहे, ते पाच वर्षांनी तसंच राहील असं कुणी गृहीत धरू नये.

आता जमिनीकडे येतो. वनखात्याचे लोक दाव्याच्या प्रत्येक सुनावणीत तेच म्हणतात, अतिक्रमणवाल्यांनी जंगल मोडलं, झरे मारले. आपण कोरडं कोरडं नाही म्हणतो. आता आपल्याकडे ताट आहे. आपल्या प्लॉटांच्या शेजारचा नाला जिवंत आहे, आणि जिथे तो मरतो तिथे आपला एकही प्लॉट नाही. हे दरवर्षी, त्याच जागी, त्याच महिन्यात, तारखेसकट लिहिलेलं वहीत पाहिजे. एका वर्षाच्या कागदाला कुणी विचारत नाही. पाऊस कमी पडला, वाळूवाल्याने तळ उकरला, तरी किडे जातात; म्हणून त्याचीही नोंद पाहिजे, नाहीतर समोरचा वकील तेच काढेल.

वनहक्क कायद्यात, २००६ च्या, कलम ३ मध्ये सामूहिक हक्कांत पाण्यातले मासे आणि पाण्यातलं इतर उत्पन्न स्पष्ट लिहिलंय. आपल्या गावाने सामूहिक दावा भरताना सरपण, महू, तेंदू, चराई लिहिली, मासे-झिंगे-खेकडे लिहिले का? ज्यांच्या दाव्यात नसेल त्यांनी आजच्या बैठकीनंतर कागद घेऊन आमच्याकडे यायचं. आणि कलम ५ मध्ये ग्रामसभेला अधिकार दिलाय की आजूबाजूचं पाणलोट, पाण्याचे स्रोत नीट राखले जातील हे तिने बघावं. त्यासाठी समिती नेमायची तरतूद नियमांत आहे. बऱ्याच गावांत ही समिती कागदावर आहे, तिचं काम काय ते समितीलाच माहीत नाही. हे घ्या काम. नाल्याची तीन ठिकाणं, वर्षातून तीन वेळा: पाऊस संपल्यावर नोव्हेंबरात, फेब्रुवारीत, आणि पहिल्या पावसाने शेताची माती उतरल्यावर, पाणी ओसरलं की लगेच. पुरानंतर लगेच नको, पूर तळच धुऊन नेतो, मग किडे विषाने गेले की पाण्याने ते कळत नाही. दगडमाशी नाही सापडली म्हणून घाबरायचं नाही, ती थंड आणि जोराच्या पाण्यातली, आपल्या सपाटीच्या नाल्यात ती नसतेच म्हणा. शेजारची वरची जागा हेच आपलं माप.

वही एकच ठेवायची, ग्रामसभेची. नाव लिहिता येत नाही त्याने चित्र काढायचं. किड्याचं चित्र नावापेक्षा बरं, कारण एकाच किड्याला तीन पाड्यांत तीन नावं आहेत आणि कचेरीत चौथं. मोजून झाल्यावर किडे होते तिथेच सोडायचे.

पुढची पाहणी पहिल्या पावसानंतरच्या दुसऱ्या बाजाराच्या आदल्या दिवशी. प्रत्येक पाड्यातून दोन जण, त्यात एक बाई असलीच पाहिजे, कारण नाल्यावर रोज जाणारी तीच. मच्छरदाणीचं कापड संघटनेकडे आहे. चाळणी घरची आणा, पण पिठाची नको, घरी बोलणी खावी लागतील. पांढरी ताटं चार कमी पडतात. ज्यांच्या घरी चुन्यासारखी पांढरी जुनी थाळी पडून असेल त्यांनी जाताना नाव सांगून जा.